गिऱ्हाइकाचा खोकला

९ जुलै

जावईबापू,

माझं पत्र पाहून तुम्ही दचकला असाल. फोन करता आला असता, पण घरात फोनवर बोललेलं तिन्ही खोल्यांत ऐकू जातं, आणि चष्म्यांच्या दुकानात आमच्या डोळे तपासणाऱ्या बाईंचे कान त्यांच्या यंत्रांपेक्षा तेज आहेत. म्हणून हे लिहितोय. उत्तर लिहिलंत तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको.

तुमची टिकली बरी आहे. दवाखान्यातून आणल्यापासून तिला एकदाही धाप लागलेली नाही. पंप घेताना दहापर्यंत आकडे मोजायचे असतात ना, ते बोटांवर मोजते आणि दर वेळी सात विसरते. तिची आईही बरी आहे. तिला घेऊन ती आमच्याकडे राहायला आली त्याला सहा आठवडे होतील. तुमचा विषय निघाला की उठून आत जाते. मी मध्ये काय बोलणार?

लिहायचं कारण वेगळंच आहे. माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे. वय माझ्याएवढंच, जवळचा आणि लांबचा असे दोन्ही नंबर, चाळीस वर्षं सिगरेट ओढलेली. त्याने अकरा दिवसांपूर्वी सोडली. आता काउंटरला टेकून रोज नवीन तक्रार सांगतो. तोंडात फोड आलेत, खालच्या ओठाच्या आत तीन आणि जिभेखाली एक. पोट चार-चार दिवस साफ होत नाही. हात थरथरतात, त्यामुळे बारीक स्क्रू निसटून जमिनीवर पडतात (तोही असंच काहीतरी बारीक काम करतो). बायकोने भांडं जरा जोरात ठेवलं तरी डोकं फिरतं.

मी दोन वर्षांपूर्वी सोडली तेव्हा मला यातलं काहीच झालं नव्हतं, त्यामुळे त्याला काय सांगावं ते कळेना. तुम्ही टिकलीच्या जन्माच्या वेळी सोडली होतीत. तुम्हाला आठवत असेल. हे किती दिवस चालतं?

घरी यातलं काही कळवू नका.

तुमचा सासरा

२५ जुलै

जावईबापू,

तुमचं उत्तर आलं. इतकं सविस्तर लिहाल असं वाटलं नव्हतं. फोडांसाठी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, पोटासाठी पाणी आणि चालणं, हातांसाठी धीर. सगळं केलं. फोड गेले, पोटही ताळ्यावर आलं.

तुम्ही शेवटी लिहिलंय, "तुमच्या गिऱ्हाइकाला माझा नमस्कार सांगा. या वयात सोडणं सोपं नाही. पुढे खोकला वाढला तर घाबरू नका म्हणावं, छाती आपली साफसफाई करायला घेते." ही ओळ मी दुकानातल्या बाकावर बसून चार वेळा वाचली. एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाला कोणी इतक्या मायेने नमस्कार सांगत नाही. तुम्ही ओळखलंत.

तर ते गिऱ्हाईक मीच. आज सत्ताविसावा दिवस आहे आणि खोकला परवापासून सुरू झालाय.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरून मला झापलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर मी सोडली असं जाहीर केलं. आमच्या लेकीने घरातल्या सगळ्या राखदाण्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या आणि मला मिठी मारली. तुमच्या सासूबाईंनी नातेवाइकांत अशी दवंडी पिटली की लग्नकार्यात लोक माझं उदाहरण देऊन आपापल्या नवऱ्यांना टोचू लागले. खरं सांगायचं तर मी तेव्हा जेमतेम पाच दिवस काढले. सहाव्या दिवशी दुकानाच्या मागच्या बोळात, जिथे काचांचे रिकामे खोके ठेवतो तिथे उभा राहून ओढली, आणि पुढची दोन वर्षं तिथेच ओढत राहिलो. वर एक पेपरमिंटची गोळी चघळायची आणि हात साबणाने धुवायचे. अगदी व्यवस्थित चाललं होतं.

त्यामुळे आता अशी गंमत झाली आहे की मी खरोखर सोडली तरी ते कोणाला सांगता येत नाही. शाबासकी आधीच घेऊन बसलोय. हात थरथरले तर म्हणायचं चहा जास्त झाला, चिडलो तर म्हणायचं उकडतंय. खोकल्याला काय म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही. तुमच्या सासूबाई डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागल्यात.

आत्ताच का सोडली, असं तुम्ही विचारलेलं नाहीत. आभारी आहे.

तुमचा सासरा

१४ ऑगस्ट

जावईबापू,

माझं नाक परत आलंय.

गेल्या आठवड्यात एका चष्म्याची डबी उघडली तर आतल्या मखमलीला लावलेल्या गोंदाचा वास आला. या डब्या मी तीस वर्षं उघडतोय. मग एकेक सुरू झालं. पाऊस लागलेल्या खोक्यांचा, शेजारी कांदा परतल्याचा, टिकलीच्या केसांचा. तुमच्या सासूबाईंच्या शालीला एक वास आहे, साबण आणि कापूर मिसळल्यासारखा. लग्नानंतर पहिल्या वर्षी तो मला माहीत होता. मधल्या काळात तो होता की नव्हता, हे त्यांना विचारायचीही सोय नाही.

तोपर्यंत मजा वाटत होती. मग सोमवारी दुकानातल्या खुंटीवरचा माझा जुना कोट काढायला गेलो. अंगात घातला आणि तसाच काढून टाकला. जावईबापू, तो वास नव्हे, भपकारा होता. जळकट, शिळा, ओल्या चिंधीसारखा. कोट दीड महिना नुसता टांगलेला, तरी.

डोळे तपासणाऱ्या बाई आतून बघत होत्या. म्हणाल्या, "काका, एक सांगू का? पूर्वी तुम्ही कानामागे दांडी बसवायला वाकायचात ना, तेव्हा गिऱ्हाईक श्वास रोखून धरायचं. हल्ली धरत नाहीत."

"तुम्हाला हे किती दिवस दिसत होतं?"

"मी इथे लागले तेव्हापासून."

"पण मी तर दोन वर्षांपूर्वीच सोडली असं सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत," असं म्हणून त्या आत गेल्या.

मी दिवसभर त्या काउंटरमागे उभा होतो आणि एकाही चेहऱ्याजवळ वाकायचं धैर्य झालं नाही. पेपरमिंटच्या एका गोळीवर मी दोन वर्षं सगळ्या जगाला फसवतोय असं समजत होतो. जग नाक मिटून मला सांभाळून घेत होतं.

आणि मग मला दवाखान्यातला तो लाकडी बाक आठवला. आता लिहूनच टाकतो.

मे महिन्यात तुम्ही सगळे आमच्याकडे आला होतात. लेक आईला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. तुम्हाला ताप होता, तुम्ही झोपला होतात. मी तुमची गाडी घेऊन टिकलीला बागेत नेलं. परत येताना ती मागच्या सीटवर झोपली. घराखाली गाडी लावली आणि वाटलं, झोपलीय तर झोपू दे जरा. बाहेर वाऱ्याने धूळ उडत होती म्हणून काच फक्त बोटभर खाली केली. तेवढ्यात एक ओढली. मग दुसरी. ती एकदा झोपेत खोकली, तेव्हा मी आरशात पाहिलं आणि ओढणं संपवलं. थांबलो नाही, संपवलं. संध्याकाळी तिची छाती भात्यासारखी उडायला लागली आणि चार दिवस ती तोंडावर मास्क लावून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी लेक घरून कपडे घेऊन आली. गाडीत पायाखालच्या रबराखाली तिला थोटूक सापडलं होतं. रुमालात गुंडाळून आणलेलं ते तिने तुमच्यासमोर धरलं आणि विचारलं, "हे काय आहे? परत सुरू केलीस?" मी तुमच्या शेजारी बसलो होतो, खांद्याला खांदा लावून. तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंत. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचा कागद लावला होता, मी तो वाचायला लागलो. मग तुम्ही म्हणालात, "माझं चुकलं."

त्यानंतर मी स्वतःची काय समजूत घातली, तेही सांगतो. मी म्हटलं, हा लगेच कबूल झाला म्हणजे हाही कुठेतरी चोरून ओढत असणार. मनात पाप नसेल तर माणूस उगाच कशाला कबूल होईल? तीन महिने मी या एका वाक्यावर जेवलो-झोपलो. सोमवारी कोट अंगात घातला आणि ते वाक्य गेलं. त्या बाकावर बसण्याआधी मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर जाऊन एक ओढून आलो होतो. तुमच्यासारख्या सोडलेल्या माणसाच्या नाकापासून मी वीतभर अंतरावर होतो. तुम्हाला माहीत होतं. तेव्हाही आणि आजही.

सोडली कशी, तेही ऐका. पश्चात्तापाने सोडली नाही. जूनच्या शेवटी टिकली माझ्या मांडीवर बसली होती. माझ्या शर्टाला नाक लावून म्हणाली, "आजोबा, तुमच्या शर्टाला आपल्या गाडीसारखा वास येतो." तिची आई दोन हातांच्या अंतरावर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने ऐकलं नाही. मी घाबरून सोडली. पकडला जाईन म्हणून.

सासरा

३० ऑगस्ट

जावईबापू,

तुमची चिठ्ठी मिळाली. चारच ओळी. "मला माहीत होतं. ती त्या वेळी तुमच्यावर चिडली असती तर पुन्हा कधी जवळ आली नसती, तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी नवरा आहे, माझ्याशी भांडून ती परत येईल. सप्टेंबरअखेर मी येतो, तिची समजूत काढतो, तुम्ही आता काही बोलू नका."

तुम्ही म्हणता तसंच करतो.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तुमची चिठ्ठी वाचली आणि मला इतकं हलकं वाटलं की त्या दुपारी मी दुकानाच्या खुर्चीत डुलकी काढली. जेवण वाढलंय. चार किलो वजन चढलं, विजारीचं बटण तुमच्या सासूबाईंनी पुढे सरकवून लावून दिलं आणि म्हणाल्या, "लेक-नात घरात आहेत म्हणून अंगाला लागतंय तुमच्या." खोकलाही कमी झालाय. आमच्या तिसऱ्या मजल्यावर जाताना मी दुसऱ्यावर कठड्याला धरून उभा राहायचो, आता न थांबता वर येतो. पायाचे तळवे गरम राहतात. बाई म्हणाल्या, काका, रंग सुधारला तुमचा.

शरीराला काहीच लाज नसते हो. ते आपलं दिवसादिवसाला बरं होत चाललंय.

तुमची चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवली आहे. तुमचे उपकार.

सासरा

१६ सप्टेंबर

जावईबापू,

तुम्ही बोलू नका म्हणाला होतात आणि मी बोललो. लेकीने तुम्हाला फोन केला असेलच, पण माझ्याकडूनही कळायला हवं.

काल टिकलीची तपासणी होती. लेक, मी आणि टिकली. डॉक्टर बाई नवीन होत्या, पहिल्यापासून सगळं विचारून लिहून घेत होत्या. म्हणाल्या, "घरात कोणी सिगरेट ओढतं का?"

लेक म्हणाली, "घरात कोणी नाही. हिचे वडील. ही गाडीत झोपलेली असताना. म्हणून तर आम्ही दोघी इकडे राहतो."

डॉक्टर बाईंनी ते लिहिलं. टिकली स्टुलावर पाय हलवत बसली होती. आपलं वय सांगावं तशा सुरात म्हणाली, "माझे बाबा वाईट आहेत."

"असं कोण म्हणतं?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"सगळे." आणि तिने खात्री करून घेण्यासाठी माझ्याकडे पाहिलं.

त्या खोलीच्या भिंतीवर वाचायला काही नव्हतं. असतं तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

"तो मी होतो," मी म्हणालो.

"काय म्हणालात, आजोबा?"

"गाडीत मी ओढली. दोन. काच बोटभर उघडी होती. हिच्या वडिलांनी सोडल्याला चार वर्षं झाली. तुम्ही लिहिलंत ते खोडा."

डॉक्टर बाईंनी लेकीकडे पाहिलं. लेक माझ्याकडे बघत होती, पण एखादं अक्षर नीट दिसत नसलं की गिऱ्हाईक जसं पुढे झुकून बघतं तसं. डॉक्टर बाईंनी एका ओळीवर आडवी रेघ मारली आणि वर एकच शब्द लिहिला. मला उलटा दिसला तरी वाचता आला. "आजोबा."

घरी येताना लेक टिकलीचा हात धरून दहा पावलं पुढे चालत होती. जिना मी तिच्यामागून चढलो, एकदाही न थांबता, धाप न लागता. तेही मला चोरीसारखं वाटलं.

वर आल्यावर ती पहिल्यांदा आईकडे वळली. "तुला माहीत होतं?"

तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "शर्ट मी धुते ना त्यांचे."

"आणि गाडीचं?"

"ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. मग तू इथे राहिली नसतीस."

लेक खुर्चीवर बसली. बराच वेळ टिकलीच्या बुटाचे बंद सोडत राहिली, सुटले तरी. मग मला विचारलं, "मी रुमाल पुढे केला तेव्हा त्याने तुमच्याकडे पाहिलं होतं का?"

"हो."

"आणि तुम्ही?"

"मी भिंतीवरचा कागद वाचत होतो."

"काय लिहिलं होतं?"

"हात कसे धुवावेत."

ती हसली असं मला वाटलं. पण ती रडत होती. तिचं रडणं लहानपणी कधी असं आवाजाशिवाय नसायचं. मी पुढे झालो तर तिने तळहात वर करून मला तिथेच थांबवलं. "आत्ता नको, बाबा. तुम्ही सिगरेट ओढलीत म्हणून नाही. तुम्ही रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा प्यायलात. शंभर दिवस." एवढं बोलून ती आत बॅग भरायला गेली.

उद्या सकाळच्या बसने दोघी तुमच्याकडे निघतील. मी थांब्यापर्यंत यायचं नाही असं लेकीने सांगितलंय. टिकलीची औषधं कोणत्या वेळी कोणती, ते वेगळ्या कागदावर लिहून बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवलंय. पंपाचे आकडे मोजताना सात आठवण करून द्यावा लागतो.

तुमच्याकडे माफी मागायची तर तुम्ही ती कधीच देऊन टाकलीत, म्हणून मागायला तोंड नाही.

११ ऑक्टोबर

जावईबापू,

रविवारी तुम्ही तिघं येऊन गेलात. दुपारचे तीनच तास, पण आलात. जेवताना तुम्ही माझ्याशी दुकानाबद्दल, नव्या काचांबद्दल बोलत राहिलात, कोणाला गप्प बसावं लागू नये म्हणून. लेक माझ्याशी चार वाक्यं बोलली. दोन मिठाबद्दल होती. मी तक्रार करत नाही, मोजली म्हणून सांगतो.

तुम्ही खाली गाडी लावत होतात तेव्हा दारात काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही. लेकीने सांगितलं असेल असं वाटत नाही.

मी दार उघडलं. टिकली आत धावणार, तर लेकीने तिला दंडाला धरून मागे थांबवलं आणि स्वतः पुढे आली. मला वाटलं, जवळ घेतेय. मी हात थोडे उचललेसुद्धा. तिने माझ्या कॉलरला नाक लावलं. मग मानेला. मग माझा उजवा हात धरून पहिली दोन बोटं हुंगली, उलटून पुन्हा हुंगली. चेहरा एवढा जवळ आणि त्यावर काही नाही. डावा हातही तसाच. मी हात अर्धे वर धरून उभा होतो, तपासणीच्या रांगेत उभं करतात तसा. शेजारचे गृहस्थ जिना उतरत होते, ते हे बघत पुढे गेले. तुमच्या सासूबाई मागे फडकं हातात घेऊन उभ्या होत्या, त्यांनी मान फिरवली.

मला राग आला नाही. कान मात्र तापले. माझ्या शब्दावर तिने जन्मभर विश्वास ठेवला होता, शाळेत कुठल्या गावाला कुठली नदी हेसुद्धा पुस्तकापेक्षा मी सांगितलेलं खरं मानायची. आता ती माझी बोटं हुंगत होती.

तिने हात सोडला. "नाहीये," म्हणाली, मला नाही, स्वतःलाच. आणि टिकलीचा दंड सोडला. "जा आत."

टिकली माझ्या पायांना येऊन आदळली.

एवढंच सांगायला हे पत्र. तिला माझा एक निरोप द्या. पुढच्या वेळीही आधी हुंगून बघ म्हणावं, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. मी आतल्या खोलीत असलो तरी दारात येऊन उभा राहीन.

सासरा